क्लचचं तेल जातं कुठे

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात बाबालाल शिकलगार नावाचा एक मिस्त्री राहत होता. मोटारसायकली, जीपगाड्या, विहिरीवरची इंजिनं, जे बंद पडेल ते त्याच्याकडे यायचं आणि बहुतेक वेळा चालू होऊन परत जायचं. त्याचा हात चांगला होता. कान तर त्याहून चांगला होता. गाडी रस्त्याच्या वळणावर असतानाच आवाजावरून तो सांगायचा, हिची चेन सैल झालीय.

तीस वर्षं त्यानं हे काम केलं. या तीस वर्षांत एक वाक्य मात्र त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. ते म्हणजे, "मला माहीत नाही." सुरुवातीला त्याला तशी गरजच पडली नाही. पुढे लोक त्याला एवढा मानायला लागले, की असं काही म्हणायची त्याला लाज वाटायला लागली. एखादी गोष्ट समजली नाही, तर तो क्षणभर पान्हा हातात फिरवायचा आणि काहीतरी उत्तर द्यायचा. उत्तर ठामपणे दिलं की लोकांना ते पटतं, हे त्याला कळलं होतं.

त्याच गावात हेमलता गुरव नावाची जनावरांची डॉक्टर होती. गावातले लोक तिला डॉक्टरबाई म्हणत. घाटाच्या माथ्यावर धनगरांचे तीन वाडे होते. त्या वाड्यांवर जीप जात नव्हती. शेवटचे तीन मैल नुसती दगडांची वाट होती. हलक्या मोटारसायकली त्या चढाला ओझं ओढत नसत. म्हणून डॉक्टरबाईंनी शहरातल्या एका हौशी माणसाकडून एक जुनी, परदेशी, दणकट मोटारसायकल विकत घेतली होती. गाडी पंचवीस वर्षांची होती. मागे लशीच्या दोन बर्फपेट्या बांधून बाई त्या गाडीवरून वर जायच्या. गाडीचा आवाज आला की वाड्यावरची माणसं जनावरं दावणीला बांधायला घेत.

या गाडीत एक वेगळेपण होतं. गावातल्या सगळ्या मोटारसायकलींच्या क्लचला वायर होती. हिच्या क्लचला वायर नव्हती. हँडलवर डाव्या मुठीजवळ तेलाची एक लहानशी डबी होती. तिथून एक नळी खाली इंजिनाकडे गेली होती. मुठीपुढचा क्लच दाबला की नळीतलं तेल पुढे ढकललं जायचं, खाली एका सिलिंडरमधला दट्ट्या सरकायचा आणि इंजिन चाकापासून सुटायचं. मग गिअर बदलायचा, नाहीतर थांबायचं.

दिवाळीनंतर एकदा डॉक्टरबाई गाडी घेऊन बाबालालकडे आल्या.

"मिस्त्री, क्लच मऊ लागतोय. आणि या डबीतलं तेल कमी झालंय."

बाबालालनं डबीचं झाकण उघडून पाहिलं. तेल खरोखरच अर्ध्यावर आलं होतं. आत काळपट झालं होतं. असा क्लच त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. पण जीपच्या ब्रेकला अशीच डबी असते आणि तसंच तेल लागतं, हे त्याला ठाऊक होतं. फळीवर ब्रेक ऑइलची एक अर्धी बाटली पडली होती. त्यानं ती उघडली, डबी भरली आणि झाकण लावलं.

"पण तेल कमी का होतं?" बाईंनी विचारलं.

बाबालालनं पान्हा हातात फिरवला.

"जुन्या गाडीत होतंच बाई. जीपच्या ब्रेकचं न्हाई का हळूहळू खाली जात? तसंच हे. कमी झालं की भरायचं."

उत्तर सरळ होतं. बाईंना पटलं. त्या गेल्या.

महिन्याभरानं त्या परत आल्या. तेल पुन्हा कमी झालं होतं. बाबालालनं पुन्हा भरलं. पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा आल्या. या वेळी क्लच इतका मऊ झाला होता, की एकदा दाबून गिअर पडत नव्हता.

"दोन-तीनदा पटापट दाबायचा," बाबालाल म्हणाला. "दाब तयार होतो."

बाईंनी तसं करून पाहिलं. खरंच दाब तयार झाला. गिअर पडला. बाबालाललाही जरा बरं वाटलं. आत कुठेतरी त्याला वाटत होतं, की तेल काही हवेत उडून जात नाही, कुठेतरी जात असणार. पण खाली वाकून, चेनवरचं कव्हर काढून बघायला अर्धा तास लागला असता. आणि बघून काही समजलं नाही, तर बाईंना काय सांगायचं? त्यानं डबी काठोकाठ भरून दिली.

माघ महिन्यात लाळ-खुरकतीच्या लशी आल्या. हा रोग जनावरांच्या तोंडात आणि खुरांत फोड आणतो. जनावर चरणं सोडतं, दुभती म्हैस आटते, लहान वासरं दगावतात. एका वाड्यात शिरला की दोन दिवसांत दुसऱ्यात जातो. डॉक्टरबाईंनी सकाळीच दोन्ही पेट्या बर्फानं भरल्या आणि घाट चढायला सुरुवात केली.

निम्म्या घाटात एक ट्रक पुढे चालला होता. एका वळणावर तो अचानक थांबला. बाईंनी ब्रेक दाबला आणि क्लच ओढला. क्लच सरळ मुठीला येऊन टेकला. बोटांना काही लागलंच नाही. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दाबायला वेळ नव्हता. इंजिन चाकापासून सुटेना, गाडी हिसके देत पुढे जायला लागली आणि ट्रकचं मागचं फळकूट हातभरावर आलं. बाईंनी गाडी डोंगराच्या बाजूला वळवली. गाडी गटारात जाऊन आडवी झाली आणि बाईंचा डावा हात तिच्याखाली आला.

दुसऱ्या बाजूला दरी होती.

ट्रकवाल्यानं उतरून गाडी उचलली. बाईंचं मनगट सुजलं होतं. एक पेटी फुटून लशीच्या बाटल्या उन्हात विखुरल्या होत्या. दुसरी शाबूत होती. वरच्या वाड्यावरचा बिरू झोरे बाजाराला खाली येत होता, तो तिथे पोचला. साठीचा माणूस, काटक. त्यानं काय झालं ते पाहिलं आणि काही न विचारता शाबूत पेटी डोक्यावर घेतली.

"बाई, तुम्ही खाली जावा. हात दाखवा कुणाला तरी," तो म्हणाला.

"आणि ही लस तुम्ही टोचणार का बिरूमामा?" बाई म्हणाल्या.

त्या चालत वर गेल्या. एका हातानं त्यांनी बिरूच्या वाड्यावरची जनावरं टोचली. बिरू सिरिंज भरून द्यायचा. दुपारपर्यंत लस संपली. पलीकडचे दोन वाडे राहिले. त्यातल्या एका वाड्याच्या पुढच्या डोंगरावर, दुसऱ्या गावच्या गुरांना लाळ सुटायला लागली आहे, अशी बातमी त्याच संध्याकाळी आली.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल टेम्पोत घालून बाबालालच्या गॅरेजसमोर आणून उतरवली. टेम्पोवाला होता, शेजारचे दोघे होते आणि सर्जेराव नावाचा एक मोठा शेतकरी होता. त्याचा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला होता. बाबालालनं चेनवरचं कव्हर सोडवलं.

आत सगळं ओलं होतं. क्लचच्या खालच्या सिलिंडरभोवती काळ्या तेलाचा चिखल साचला होता. तेल गळून गळून इंजिनावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. हे एका दिवसाचं काम नव्हतं. कित्येक महिने थेंब थेंब गळत होतं. त्यानं तीन वेळा वरून भरलेलं सगळं तेल इथून गेलं होतं. एकदा वाकून पाहिलं असतं तर ते दिसलं असतं. त्यासाठी शिकलेला मिस्त्री असण्याचीही गरज नव्हती. डोळे असले तरी पुरे होते.

बाबालाल उकिडवा बसून त्या चिखलाकडे बघत राहिला. मागे लोकांचं बोलणं चाललं होतं.

"गाडी म्हातारी झाली होती," टेम्पोवाला म्हणाला. "बाई म्हणत होत्या, भंगारात देऊन टाकते."

"गाडीचं जाऊ दे," सर्जेराव म्हणाला. "बाईमाणसानं एवढी जड गाडी घाटात न्यायचीच कशाला? हातात ताकद नको?"

शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या.

बाबालालनं काहीच बोलायची गरज नव्हती. कव्हर त्याच्याच हातात होतं. ते परत लावलं असतं, तर आत काय आहे हे कुणाला कधी कळलं नसतं. दोष गाडीच्या वयावर गेला होता. उरलेला बाईंच्या हातांवर गेला होता. त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. गाडी भंगारात गेली की गोष्ट संपणार होती.

तो उठला. कव्हर त्यानं जमिनीवर ठेवलं.

"सर्जेराव, बाईंच्या हातात ताकद होती," तो म्हणाला. "क्लचमध्ये तेलच नव्हतं. हे बघा इथं. सगळं इथून गळलंय. बाई तीनदा माझ्याकडं आल्या, तीनदा विचारलं, तेल कमी का होतं? मी वरून भरून दिलं आणि काहीतरी सांगितलं. मला माहीत नव्हतं. या क्लचमधलं मला काही कळत नाही."

सर्जेराव पुढे येऊन वाकला. त्यानं तो काळा चिखल पाहिला, मग बाबालालकडे पाहिलं.

"मग माझ्या ट्रॅक्टरचं तरी तुला काय कळतं?" तो म्हणाला. "त्यातही असंच काहीतरी सांगितलं असशील."

"ट्रॅक्टरचं कळतं," बाबालाल म्हणाला.

"ते आता मी कसं ओळखायचं?"

सर्जेरावानं त्याच दुपारी ट्रॅक्टर दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडे ओढून नेला.

संध्याकाळी बाबालाल डॉक्टरबाईंच्या घरी गेला. बाईंच्या मनगटाला लाकडी पट्टी बांधली होती. ओसरीवर उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन-तीनदा दाबायला सांगितलं, तेही अंदाजानंच सांगितलं होतं, हेही बोलला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"तेव्हा नुसतं म्हणाला असतात की मला हे येत नाही," त्या म्हणाल्या, "तर मी दुसऱ्या कुणाला तरी दाखवली असती. मी तुमच्यावर रागावले असते का? मलाही सगळे रोग कळत नाहीत. मी वरच्या डॉक्टरांना फोन करते. पलीकडं दरी होती मिस्त्री."

"व्हय बाई."

"मला वाटलं, माझ्याच हातानं काहीतरी चुकलं. रात्रभर मी तेच आठवत बसले. आधीच दोनदा दाबायला हवा होता, तीनदा दाबायला हवा होता."

बाबालालनं मान खाली घातली. आपल्या एका खोट्या उत्तरानं गाडी तर पडलीच, पण या बाईचा स्वतःवरचा विश्वासही हलला, हे त्याला तेव्हा समजलं. गाडी पडल्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं.

मग बाईच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी नवी लस येतेय. दोन वाडे राहिलेत. रोग डोंगरापलीकडं येऊन बसलाय. चालत नेली तर बर्फ टिकत नाही. मी काय करू सांगा."

"मला आठ दिवस द्या," बाबालाल म्हणाला. "मी शिकून येतो. नाहीच जमलं, तर तसं येऊन सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो शहरात गेला. सोबत फडक्यात गुंडाळलेला खालचा सिलिंडर होता. मोठ्या परदेशी मोटारसायकलींचं काम करणाऱ्या एका कारखान्यात जोसेफ बारदेस्कर नावाचा मिस्त्री होता, असं त्यानं ऐकलं होतं. तो त्याच्याच वयाचा निघाला. बारदेस्करनं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "काय काम?"

बाबालालनं फडकं सोडलं.

"याच्यातलं मला काही माहीत नाही. शिकायला आलोय."

काल सर्जेरावासमोर हे वाक्य म्हणणं त्याला जड गेलं होतं. आज ते सहज आलं.

बारदेस्करनं सिलिंडर हातात घेतला. "तेल कमी व्हायचं का?"

"व्हायचं. मी भरायचो. जीपच्या ब्रेकचं होतं तसं होत असेल असं वाटलं."

बारदेस्कर हसला, पण कुचेष्टेनं नाही. त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. इथंच सगळे फसतात. ब्रेकचं लायनर झिजलं की दट्ट्या पुढे सरकतो, मागं जागा होते, म्हणून डबीतलं तेल खाली जातं. क्लचचं उलटं असतं. क्लचप्लेटा झिजल्या की दट्ट्या मागं ढकलला जातो. तेल डबीत वर चढतं. कळलं का? चांगल्या क्लचमध्ये तेल कधी कमी होतच नाही. झालं तर वाढेल. कमी झालं म्हणजे एकच अर्थ, कुठंतरी गळतंय."

तीन वेळा ती डबी बाबालालला हेच सांगत होती.

तो दोन दिवस तिथे राहिला. बारदेस्करनं त्याला दट्ट्यावरचं रबरी सील काढून दाखवलं. ते कडक होऊन एका बाजूला चिरलं होतं. या तेलाला हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय असते, म्हणून दर दोन वर्षांनी सगळं तेल बदलायचं, हे सांगितलं. फळीवर उघडी पडलेली बाटली कधीच वापरायची नाही, हेही सांगितलं. बाबालालला आपल्या फळीवरची अर्धी बाटली आठवली.

"आता नख फिरवा आतून," बारदेस्कर म्हणाला. "सिलिंडरच्या भिंतीला. नखाला खड्डा लागला तर नवं सीलही टिकणार नाही. मग पूर्ण सिलिंडर बदलायला लागेल, आणि या गाडीचा तो आता मिळत नाही."

बाबालालनं डोळे मिटून करंगळीचं नख फिरवलं. एकदा, दोनदा, पूर्ण गोल. एका जागी नख जरा अडल्यासारखं झालं. बारदेस्करनं ती जागा तेलात भिजवलेल्या फडक्यानं घासून घासून पुसली. तो नुसता डाग होता. त्याखाली भिंत गुळगुळीत होती. बारदेस्करनं आपल्या डब्यांतून मापाचं सील शोधून दिलं आणि निघताना एकच गोष्ट पुन्हा सांगितली.

"हवा पूर्ण निघाल्याशिवाय क्लच द्यायचा नाही. हाताला घट्ट लागतो, आपल्याला वाटतं झालं. एक बुडबुडा राहिला तरी तो घाटात दगा देतो."

बुधवारी सकाळी गॅरेजमध्ये त्यानं नवं सील बसवलं, सिलिंडर जागेवर लावला आणि बाईंना बोलावलं. क्लचमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर क्लच दाबायला, एक खाली सिलिंडरवरची बारीक तोटी, म्हणजे निपल, उघडायला. बाईंचा डावा हात पट्टीत होता. त्या डाव्या बाजूला उभ्या राहून उजव्या हातानं क्लच दाबायला लागल्या. बाबालालनं टाकीवर ओलं फडकं अंथरलं, कारण हे तेल रंगाला खातं. निपलला एक पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"दाबा. धरून ठेवा."

त्यानं निपल उघडलं. नळीतून काळं तेल आलं, मागोमाग बुडबुडे आले. त्यानं निपल बंद केलं.

"सोडा. डबी बघा, तेल आहे ना?"

"आहे."

"पुन्हा दाबा."

असं कितीतरी वेळ चाललं. काळं तेल गेलं, मग पिवळसर आलं, मग स्वच्छ आलं. सुरुवातीला बाईंना क्लचमध्ये काही लागतच नव्हतं. हळूहळू बोटांना विरोध जाणवायला लागला. पाऊण तासानं त्या म्हणाल्या, "आता घट्ट लागतोय मिस्त्री. पहिल्यासारखा. झालं वाटतं."

बाबालालची पाठ दुखत होती. गुडघे भरून आले होते. नळीत त्याला काही दिसत नव्हतं. तो उठणारच होता. मग पुन्हा खाली बसला.

"मला खात्री नाही," तो म्हणाला. "अजून दहा वेळा दाबा."

सातव्या वेळेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला. तो नळीतून सरकत जाऊन बाटलीत फुटला. त्यानंतर वीस वेळा दाबूनही दुसरा आला नाही. बाबालालनं डबीवर तेलाच्या पातळीजवळ खिळ्यानं बारीक रेघ मारली.

"गाडी आज देत नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी तेल या रेघेवरच असलं, तर देतो."

गुरुवारी उजाडताच दोघांनी मिळून झाकण उघडलं. तेल रेघेवर होतं. चेनमागचा सिलिंडर कोरडा होता. बाबालालनं बोट फिरवून ते बोट बाईंना दाखवलं.

बाईंना गाडी चालवता येणार नव्हती. बाबालालनं हे आधीच ठरवलं होतं.

"मी चालवतो. तुम्ही मागं बसा," तो म्हणाला. "माझी दुरुस्ती आहे. काही झालंच तर मला आधी कळू दे."

"मी मागेच असणार आहे," बाई म्हणाल्या. "मलाही कळेलच."

त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या. फुटलेल्या पेटीच्या जागी नवी आणली होती. दोन्ही पेट्या बांधून ते निघाले. गाडी घाट चढायला लागली. ते वळण आलं. रस्ता मोकळा होता, थांबायचं कारण नव्हतं. तरी बाबालालनं गाडी थांबवली. ऐन चढावर, इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये ठेवून, त्यानं पायानं ब्रेक आणि हातानं क्लच दाबून धरला. गाडी एक बोटभरही पुढे सरकली नाही. त्यानं मनात शंभर आकडे मोजले. क्लच तसाच घट्ट होता.

"दाबून बघता का?" गिअर काढून त्यानं विचारलं.

बाई उतरून डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजव्या हातानं क्लच दाबला. सोडला. पुन्हा दाबला. एकदाच दाबायला लागत होता. त्या पुन्हा मागे बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

वर बिरू झोरे वाट बघत उभा होता. त्यानं दोन्ही वाड्यांची जनावरं एकाच माळावर आणून ठेवली होती. दिवसभरात एकशे बेचाळीस जनावरांना लस टोचली. बाई टोचत होत्या, बिरू सिरिंज भरत होता आणि बाबालाल म्हशींच्या शिंगांना दोरी लावून धरत होता. एका म्हशीनं त्याला शेणात पाडलं. बिरूनं त्याला उठवत विचारलं, "मिस्त्री, म्हैस कशी धरायची माहीत नाही का?"

"नाही," बाबालाल म्हणाला. "दाखवा की."

बिरूनं दाखवलं. पुढची म्हैस त्याला नीट धरता आली.

महिनाभरात रोग डोंगर उतरून आला. आजूबाजूच्या गावांत पुष्कळ गुरं आजारी पडली. तीन वाड्यांतली चार जनावरं लंगडली, दोन दिवस चरली नाहीत आणि बरी झाली. एकही दगावलं नाही.

बाईंचा हात बरा झाला आणि त्या पुन्हा स्वतः गाडी चालवायला लागल्या. पहिले काही दिवस वळणावर त्यांची बोटं आपोआप क्लचकडे जायची. मग ती सवय सुटली. गाडी भंगारात द्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. बाबालाल दर महिन्याला कव्हर काढून सिलिंडर बघायचा, त्यांनी सांगितलं नाही तरी.

सर्जेरावाचा ट्रॅक्टर मात्र वर्षभर परत आला नाही. आणखी दोन-चार गिऱ्हाइकंही गेली. बाबालालला त्याचं वाईट वाटलं, पण त्यानं कुणाला दोष दिला नाही. उरलेल्या लोकांना एक नवी गोष्ट समजली होती. बाबालाल आता कधीकधी म्हणायचा, "हे मला माहीत नाही, विचारून सांगतो." त्यामुळे तो जेव्हा म्हणायचा, "हे झालं, घेऊन जा," तेव्हा लोक निर्धास्त मनानं गाडी घेऊन घाटात जायचे.

तात्पर्य: जे कमी होतं ते वरून भरत राहणं म्हणजे काळजी घेणं नव्हे, ते कुठे गळतं हे वाकून बघावं लागतं. आणि "मला माहीत नाही" म्हणण्यात कमीपणा नसतो, कारण शिकायला सुरुवात तिथूनच होते.